वाकडं बोट

आमच्या बायचा झोपलेल्या माणसावर भरवसा नव्हता. दुपारी घर निजलं की ती अनवाणी फिरायची आणि एकेकाच्या नाकाखाली आपलं वाकडं बोट धरायची. वाफ लागली की पुढच्याकडे. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं एकुलतं पोर असंच भरदुपारी तिच्या कुशीत निजलं ते उठलंच नाही. त्यानंतर ती हेंद्रेपाड्याला आमच्याकडे आली, ती कायमची. बोट विळ्याने तुटता तुटता राहिलेलं, म्हणून वाकडं.

मी तेव्हा अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळी करायचो आणि दिवसा झोपायचो. डोळा लागतो न लागतो तोच नाकाशी बोट. मी ओरडायचो, "बाय, जिता हाय मी!"

"तुला काय म्हायती? आपला श्वास आपल्याला नाय कळत. दुसऱ्याचं बोट लागतं."

फोटोला मात्र ती कधी उभी राहिली नाही. माझ्या लेकीसाठी, पिंकीसाठी, मी एक छोटा डिजिटल कॅमेरा आणला होता. पोरगी कोंबड्या, चपला, माझी ढेरी, दिसेल त्याचे फोटो काढायची. बायवर रोखला की ती पदर तोंडावर ओढायची. "ठेव तो डबा. फोटो लागतो तो भिंतीला. मना एवढ्यात भिंतीला नाय चढायचं."

मग एका दुपारी तीच उठली नाही. उशाशी कॅमेरा पडला होता. पोरीने टाकला असेल म्हणून मी तो उचलून ट्रंकेत ठेवला. तेराव्याला पाटावर मांडायला फोटो नव्हता. तिचं लुगडं घडी करून ठेवलं आणि त्यालाच हार घातला. भावकी कुजबुजली. मी सगळ्यांदेखत भिंतीत खिळा ठोकला आणि सांगितलं, इथं बायच लागेल. इतकी वर्षं त्या खिळ्याला मी साधं कॅलेंडर लावू दिलं नाही.

यंदा पिंकी विठ्ठलवाडीहून माहेरी आली आणि ट्रंक आवरताना तिला कॅमेरा सापडला. चालू होईना. आम्ही तो उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे नेला. त्याने आतलं कार्ड काढून कॉम्प्युटरला जोडलं. "काका, कार्ड तो मर गया है. पर बैठो, मैं मुर्दे से भी निकालता हूँ."

कोंबड्या आल्या, चपला आल्या. मग आली झोपलेली माणसं. माझी बायको. तोंड उघडं टाकून पिंकी. मी. प्रत्येकाच्या नाकाखाली ते वाकडं बोट.

"बाबा, हे मी नाही काढलेत," पिंकी हळूच म्हणाली. "मी तर ह्यात झोपलीये."

डोक्यावर पंखा होता, तरी माझ्या पाठीला घाम फुटला. त्या वेळी घरात जागी एकच असायची.

शेवटचा फोटो तिचा होता. हात लांब करून कॅमेरा स्वतःकडे फिरवलेला. डोळे मिटलेले. नाकाखाली स्वतःचंच बोट. अंगावर तेच हिरवं लुगडं, ज्यात आम्ही तिला हलवून हलवून पाहिलं होतं.

दुकानदार म्हणाला, "काका, दीवार पे ऐसा नहीं चलेगा. मैं आँखें खोल देता हूँ, उंगली मिटा देता हूँ. किसी को पता नहीं चलेगा."

"ऐका ना, बाबा. मला भीती वाटते," पिंकी म्हणाली.

"हात नको लावू," मी दुकानदाराला म्हणालो. "तिने मिटलेत. उघडायचे तर तिनेच उघडावेत."

खिळ्याला आता बाय आहे. भावकीतली माणसं येतात, एकदा बघतात आणि मान खाली घालून चहा पितात. पिंकी मुक्कामाला राहत नाही. मी चौथीच्या पुढे शिकलो नाही, पण भुताखेतांना भिणाऱ्यांतला मी नाही. दुपारी घर निजलं की मी स्टुलावर चढतो आणि काचेवर, तिच्या नाकाखाली, तिच्या बोटाशेजारी माझं बोट धरतो. तिचं तिला कळलं नसणार.

बोट काढलं की तिथं वाफ दिसते. माझ्याच घामाची असेल. पुसली की पुन्हा येते, म्हणून हल्ली मी पुसत नाही.