सरपटणार नाही

“कॅलिपर काढून ठेव,” अपंगांना मदत करणाऱ्या मंडळाच्या बाई म्हणाल्या. “नाव पुकारलं की सरपटत स्टेजवर यायचं. मग साहेब तुला नवीन कॅलिपर घालून उभं करतील.”

मुलुंडचा एक हॉल. स्टेजमागची कोंदट खोली. खाली सतरंजी, सतरंजीवर आम्ही. सगळे पोलिओवाले. काहींनी पट्टे सोडायला सुरुवातही केली होती.

मी एकोणीस वर्षांची होते. बारावी पास. टायपिंग शिकत होते. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, काखेत कुबड्या. घरापासून क्लासपर्यंत रोज चालत जायचे. पण कॅलिपर जुने होते, लहान पडत होते. मांडीवरचा पट्टा कातडीत रुतायचा. जखम भरायची, परत फुटायची. नवीन जोडी हवीच होती.

“मला चालता येतं,” मी म्हटलं. “चालत येते ना मी.”

बाई हसल्या. “अगं, चालत आलीस तर लोकांना फरक काय दिसणार? पेपरचा फोटोग्राफर आलाय.”

बाबा शेजारीच उभे होते. गिरणीचा संप फसला, घरी बसले, मग कशीबशी एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली. त्या कारखान्याचे मालकच आजचे पाहुणे. माझं नाव मालकांनीच मंडळाला सुचवलेलं. बाबा खाली बसले आणि माझ्या बुटाचं बक्कल सोडायला लागले.

“काढ गो बाय. दोन मिनटांचा काम.”



मी बाबांचा हात धरून ठेवला. लहानपणी मी सरपटतच वाढले. चाळीच्या पॅसेजमधून संडासापर्यंत. लोकांच्या चपला, सांडलेलं पाणी, कोपऱ्यातली थुंकी. तळहात टाचेसारखे राठ झालेले. तेव्हा कुणी फोटो काढला नाही. तेव्हा लोक नाक मुरडून बाजूला व्हायचे.

“नाही काढणार,” मी म्हटलं.

भांडुपचा दत्ता बाजूला बसून स्वतःचे पट्टे सोडत होता. “गप काढ ना यार. कशाला लफडं करतेस?”

माझं नाव पुकारलं. माईकवरचा माणूस म्हणाला, “आता येत आहे आपली एक दुर्दैवी भगिनी.”

मी उठले. स्टेजच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. कुबडी वर टेकायची, अंग ओढायचं. पुन्हा कुबडी. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. मालक हातात नवे कॅलिपर घेऊन उभे होते. त्यांना काय करावं तेच कळेना.

“खाली बस,” ते म्हणाले.

“इथे नाही बसणार. कॅलिपर द्या, मी घरी घालीन. लोकांसमोर सरपटायला आले नाही मी.”

माईक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं. मालकांचा चेहरा लाल झाला.

“माज बघा पोरीचा.”

त्यांनी कॅलिपर टेबलावर आपटले. ते माझ्या मापाचे होते. मंडळाच्या माणसाने घरी येऊन माप घेतलेलं. दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचेही नव्हते. तरी परत नेले.

माझ्यानंतर दत्ता सरपटत गेला. टाळ्यांनी हॉल दणाणला.

आठवड्याच्या आत बाबांची नोकरी गेली. ते दारात बसून राहिले. म्हणाले, “तुझ्या पायी गेली नोकरी.”

“पायांमुळे नाही गेली, बाबा. मी उभी राहिले म्हणून गेली.”

बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई भांडी आदळायची. मी टायपिंग संपवलं आणि एका वकिलाकडे कामाला लागले. घर त्यावर चाललं. मांडीवरची जखम तशीच होती.

एका रविवारी दत्ता घरी आला. नवे कॅलिपर घालून. “चालायला लागलो की त्या टाळ्या ऐकू येतात गं,” म्हणाला. मग आम्ही दर रविवारी त्याच्या खोलीवर जमायला लागलो. त्या दिवशी सतरंजीवर असलेले बहुतेक सगळे.

यंदा पुन्हा मंडळाचा निरोप आला, कॅलिपर वाटपाला या. आम्ही सगळेच बाईंच्या दारात गेलो. म्हटलं, माप घ्या, कॅलिपर द्या. स्टेज नको.

“अरे, मग देणगी कोण देईल?”

“ते तुम्ही बघा. आम्ही सरपटणार नाही.”

हात हलवत परतलो. एकाचा पट्टा तुटलाय, त्याने सुतळी बांधलीय. तोसुद्धा स्टेजवर जायला कबूल झाला नाही.

उद्या सरकारी हॉस्पिटलात जाणार आहोत. तिथे कॅलिपर मिळायलाच पाहिजेत. नेहमी डॉक्टर माझ्या डोक्यावरून बाबांना विचारतात, “हिला काय होतंय?” म्हणून बाबांना मी सांगून ठेवलंय, तुम्ही येऊ नका. डॉक्टरांना सांगणार आहे, जे विचारायचं ते मला विचारा. नाही विचारलंत, तर तुमच्या दारात बसून राहू. हाकललंत तर परवा येऊ. तेरवाही येऊ.