माझी चिठ्ठी मीच वाचणार होतो

कागदावर मी बडबड्या आहे. तोंडाने बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते. लहानपणापासून हेच. पाहुणे आले की मी गोठ्यात, आणि आई बाहेर सांगणार, "लाजतंय ते." लाजत वगैरे काही नव्हतो. चार माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली की डोक्यातलं सगळं पुसलं जायचं, एवढंच.

सुप्याला एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या कामाला लागलो. वाटलं, बरं झालं, इथे पार्टशी काम आहे, माणसांशी नाही. डोंबलाचं! तिथे रोज सकाळी शिफ्टच्या आधी सगळ्यांना गोल उभं करायचे आणि काल काय चुकलं ते ज्याने त्याने मोठ्याने सांगायचं. पहिल्याच आठवड्यात माझी पाळी आली. एका पार्टचं भोक केसभर सरकलं होतं आणि ते मीच शोधलं होतं. पण तोंडातून 'अं'च्या पुढे काही निघेना. मागून कोणीतरी ओरडलं, "मौनीबाबा की जय!" चाळीस माणसं खो खो हसली. मी संडासात जाऊन रडलो. चोवीस वर्षांचा घोडा!

दुपारी आमचे इन्चार्ज माझ्या टेबलापाशी आले. पारनेरकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "सकाळी काय सांगायचं हुतं ते लिव्ह."

मी लिहिलं. पान भरलं. भाऊंनी खिशातला चष्मा काढून उभ्याउभ्या ते वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. "उद्यापासनं लिहून देत जा. मी वाचतो."

आणि खरंच वाचायला लागले. रोज सकाळी, नाकावर चष्मा, शाळेतल्या पोराने धडा वाचावा तसं, एका सुरात. त्यांनाही बोलायची हौस नव्हतीच. पण चिठ्ठी संपली की मान वर करून म्हणायचे, "हे ह्याचं हाय." माझ्याकडे बोट. मग कागदाची घडी खिशात. अकरा वर्षांत एकदाही ते वाक्य चुकलं नाही. 'मौनीबाबा' ओरडणारा गडी पुढे स्वतःचा पार्ट घेऊन गुपचूप माझ्याकडे यायला लागला, "जरा बघ ना रे, मग पुढं पाठवतो."

मला वरची जागा द्यायचं ठरत होतं तेव्हा साहेब म्हणाले, "कामाला चोख आहे, पण कम्युनिकेशन वीक आहे." भाऊंचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. "बोलनारी पन्नास हायेत, साहेब. बगनारा ह्यो येकच हाय. त्याच्या तोंडाचं काय करायचंय तुमाला?" जागा मिळाली. मोजमापाच्या खोलीत मी एकटा, वर एसी. तो एसी उपकरणांसाठी होता म्हणा, पण गारवा मलाही लागायचा.

डबा आम्ही दोघं कँटीनमागच्या कडुलिंबाखाली खायचो. बोलणं नाही. कँटीनवाला विचारायचा, "भांडलाय का काय तुमी?" भाऊ त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता माझ्या भाकरीवर ठेवायचे. ह्या आमच्या गप्पा. तुमच्यामुळे मी इथे टिकलो, असं मी त्यांना कधी म्हणालो नाही. म्हणेन कधीतरी, असं वाटत राहिलं. गाढव मी, दुसरं काय.

मग त्यांना पोटाचं दुखणं निघालं. नगरच्या दवाखान्यात गेलो, दोन तास स्टुलावर बसलो. सगळं ओठांवर होतं आणि मी मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. निघताना त्यांनी नुसतं मनगट दाबलं. पुढच्या रविवारी जाऊन सांगायचंच, असं पक्कं केलं. शुक्रवारी भाऊ गेले.

आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं असतात. ओढ्याकाठी घाटावर माईक, गावोगावचे पुढारी, आणि मेलेला कोणीही असो, तेच तीन शब्द: हसतमुख, मनमिळाऊ, परोपकारी. माझ्या डोक्यात एकदम आलं, भाऊंचं हे असं होऊ द्यायचं नाही. मी बोलणार. मी! त्यांच्या पुतण्याला मेसेज केला, 'मला दोन मिनिटं हवीत, यादीत नाव घाल.' त्याचा अंगठा आला. मग चिठ्ठी लिहिली आणि आठवडाभर जाता-येता मोटरसायकलवर हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने पाठ केली. सिग्नलला शेजारचा बघायचा. बघू दे.

दहाव्याला खिशात चिठ्ठी घेऊन घाटावर जाऊन बसलो. सूत्रसंचालन गावातले एक मास्तर करत होते. एक पुढारी झाला, दुसरा झाला. हसतमुख, मनमिळाऊ. मग आमच्या ऑफिसातला नवा साहेब उठला. ह्याने भाऊंना उभ्या जन्मात चारदा पाहिलं असेल. म्हणाला, "ते नेहमी सर्वांशी गप्पा मारत, कंपनीत उत्साह पसरवत." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, ज्या माणसाने गप्प राहणाऱ्याला जगवलं, त्याला तू बोलका करतोस?

आता माझं नाव येईल. आता. मास्तरांनी कागदावर नजर फिरवली, माईक जवळ ओढला आणि म्हणाले, "वेळेअभावी इथंच थांबू."

उठावं, हात वर करावा, ओरडावं, 'मास्तर, मी राहिलो!' काय बिघडलं असतं? पण नाव पुकारल्याशिवाय उठायची ताकद मी आणली नव्हती. बसून राहिलो. आणि खरं सांगतो, लाज वाटते तरी सांगतो, क्षणभर माझा जीव भांड्यात पडला होता.

पिंडाला कावळा लगेच शिवला. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "सुटला मानूस. काय इच्छा राह्यली न्हाई."

माझी राहिली होती ना, बाबा.

महिन्याभराने भाऊंच्या लॉकरमधला डबा आणि चष्मा द्यायला त्यांच्या घरी गेलो. चिठ्ठी खिशातच होती. ठरवलं होतं, निदान वहिनींना तरी वाचून दाखवायची. वहिनींनी चष्मा हातात घेतला, पदराने पुसला आणि कितीतरी वेळ पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी कुनी तरी तुमचं नाव यादीत घातलं हुतं. कुनाचा चावटपना काय म्हाईत. मीच मास्तरांना काट मारायला लावली."

"का, वहिनी?" मी विचारलं.

"दवाखान्यात मला सांगून ठेवलं हुतं त्यांनी. म्हनले, माझ्या दहाव्याला त्याला कुनी माईकपुढं ढकलंल. ढकलू देऊ नको. लेकराचा जीव जाईल. अकरा वर्षं मी त्याला सोडवत आलोय, येवढ्या बारीला तू सोडव." वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "त्यांनी सांगितलेलं येवढं येक काम माझ्या हातनं झालं बगा."

माझा हात खिशात चिठ्ठीवर होता. ते नाव मीच घातलं होतं, वहिनी. जन्मात पहिल्यांदा मला बोलायचं होतं. हे कसं सांगू? सांगितलं असतं तर त्या माउलीच्या हातात काय उरलं असतं?

"बरं केलंत, वहिनी," मी म्हणालो. "माझ्याच्यानं झालं नसतं."

चहा घेतला. मोटरसायकल काढली, हेल्मेट चढवलं. वेशीबाहेर आल्यावर चिठ्ठी म्हणायला सुरुवात केली. "भाऊ हसतमुख नव्हते. अकरा वर्षांत मी त्यांना चारदा हसताना पाहिलं. पण रोज सकाळी ते माझी चिठ्ठी वाचायचे आणि म्हणायचे, हे ह्याचं हाय. आज माझी चिठ्ठी मीच वाचतोय, भाऊ, कारण वाचायला तुम्ही नाही. आणि मी आज जो काही आहे ना, ते सगळं तुमचं हाय."

सुप्याच्या फाट्यापर्यंत तीनदा म्हटली. एकदाही अडखळलो नाही.