हे तर उघडच आहे

मी मॅट्रिकला गणितात गेले ती आमच्या सरांमुळे. हे माझं मत आजही बदललेलं नाही. अकोल्याच्या शाळेत ते भूमिती शिकवायचे. फळ्यावर तीन ओळी लिहायच्या, चौथीच्या जागी "हे तर उघडच आहे" म्हणायचं आणि थेट पाचवी लिहायची, असा त्यांचा खाक्या. वर्गातली निम्मी मुलं वकील-मास्तरांच्या घरची. त्यांना ती चौथी ओळ घरी कुणीतरी सांगत असणार. आमच्या घरी वांगी आणि झेंडू. एकदा मी उभी राहून विचारलं, "सर, हे कुठून आलं?" ते रागावले असते तर मी विसरून गेले असते. पण ते खरोखर चकित झाले. "हेसुद्धा सांगायचं?" म्हणाले, आणि वर्ग हसला. पुन्हा मी तोंड उघडलं नाही.

बापानं आधीच बजावलं होतं, "पास झाली त पुढं शिकवतो. नाई त लगन." मला मास्तरीण व्हायचं होतं. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात मी अकोटजवळच्या एका संत्र्याच्या बागेत सून म्हणून आले. सासूच्या हाताखाली झाडं शिकले, आणि चांगली शिकले. पण तो हशा काही कानातून गेला नाही.

तेरा-चौदा वर्षांनी सर निवृत्त झाले आणि आयुष्यभराची पुंजी घालून त्यांनी आमच्या शेजारचीच बाग विकत घेतली. एका सकाळी धोतर सावरत बांधावरून आले. "तू माझी विद्यार्थिनी ना? मला यातलं काही कळत नाही. शिकवशील?"

मला आनंद झाला. भल्या माणसाला होतो तसा नव्हे.

मी ठरवलं, यांना एवढं सांगायचं, एवढं सांगायचं, की लाज वाटली पाहिजे. आळं कसं करायचं, शेणखत कुठे टाकायचं, बुंध्याला पाणी का लागू द्यायचं नाही, सगळं गड्यांच्या देखत, बालवर्गात सांगावं तसं. कुदळ धरायचीसुद्धा शिकवली. "समजलं का सर? की पुन्हा सांगू?" गडी गालातल्या गालात हसायचे. सर मान खाली घालून वहीत लिहून घ्यायचे. त्या आठवड्यात मला दोन घास जास्त गेले.

माघात आमची बाग फुलांनी पांढरी झाली. सरांची झाडं हिरवीगार, आणि फूल एक नाही.

"ताण कधी दिला होता?" मी विचारलं.

"कसला ताण?"

"थंडीत महिनाभर पाणी तोडायचं, सर. झाड मलूल झालं की मग सोडायचं. तेव्हा ते फुलतं."

त्यांनी तर नवं इंजिन बसवून हिवाळाभर पाणी दिलं होतं. त्यांच्या गड्याला विचारलं, तर म्हणाला, "मले वाटलं, मास्तरले मालूम असनच."

सरांनी वही काढली. तारखा टाकून, खाली रेघा मारून सगळं लिहिलेलं होतं. ताण कुठेच नव्हता.

मी सांगितलाच नव्हता. आमच्याकडे ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, तशी ती मलाही सांगायची सुचली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. सरांचा वर्षाचा बहार बुडाला म्हणून नव्हे. मी हुबेहूब त्यांच्यासारखीच निघाले म्हणून.

"मुद्दाम सांगितलं नाहीस का?" सरांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले. "मुद्दाम." विसरले म्हणायला जीभ रेटेना.

आता त्यांना शाळा आठवेल, तो दिवस आठवेल, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. चौदा वर्षं मी याच घटकेची वाट पाहिली होती.

सरांनी वही मिटली. मग चकित होऊन म्हणाले, "पण का?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी बांधावर बसले, आणि फळ्यावरच्या पहिल्या ओळीपासून त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली.