दंडाच्या आतली धमनी

तुम्हाला म्हणून सांगतो. बायकोलाही हे ठाऊक नाही. आणि सांगायला बसलो तरी आधी बढाईच तोंडात येते — रामघाटावरच्या आमच्या भिक्षुकी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी! वडील चार घरच्या पूजा करीत आणि मी प्राणिशास्त्र शिकलो.

घरी सांगितलं होतं, कॉलेजात नुसती चित्रं काढतात. खोटं. मी कुत्रा चिरला होता. पुढच्या पायाचा रक्तपुरवठा मला तोंडपाठ होता — धमनी काखेतून निघते, दंडाच्या आतून हाडाला धरून कोपरापर्यंत उतरते, तिथून खाली पायात. कुत्रा म्हणजे भैरवाचं वाहन. घरात कळलं असतं तर?

आजोबांच्या श्राद्धाचा दिवस. गंगेत बुडी मारून, ओलेत्यानं तांब्या घेऊन मी पायऱ्या चढत होतो. पुढे आई. वरच्या पायरीवर शेजारची गोदूमावशी रडत होती — एकटी विधवा, घरात तो भैरू कुत्रा तेवढा सोबतीला. नावेच्या पत्र्यानं त्याचा पुढचा पाय कापला होता. कोपराखाली, आतून. रक्त ठोक्याठोक्याला उसळत होतं. धमनीच ती.

"विष्णू, एवढा शिकलास ना रे? सांग काहीतरी!"

नावाडी जखम मुठीत धरून बसला होता. "भइया, कहाँ दबाएँ? बताइए तो!"

दंडाच्या आतून, हाडावर. एवढंच सांगायचं होतं. मी सोवळ्यात होतो, शिवता येत नव्हतं — मान्य. पण जिभेला कसलं सोवळं? मला भीती होती पुढच्या प्रश्नाची — तुला रे कसं ठाऊक? आई तिथंच उभी होती.

मी म्हणालो, "मावशी, ही नस तुटली की उपाय नसतो. शास्त्रच तसं आहे."

नावाड्यानं मूठ सोडली.

भैरू वाचलाच असता असं नाही. पण मी ते बघूही दिलं नाही. घरी जाऊन श्राद्धाला बसलो. जेवलोही.

मावशीनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर — पण ती गल्लीभर सांगत सुटली, विष्णूनं उगाच आशा लावली नाही, खरं ते सांगितलं. आणि मला ते — कसं सांगू — आवडलं.

पुढे ती अंथरुणाला खिळली. वैद्यांनी पुडी काढली की हात आडवा करायची. "थांबा. आधी विष्णूला विचारा. तो खोटं बोलत नाही."

मी उशाशी बसून मान डोलवायचो.