तान्ही भिंत

सटवाआबा गवंडी सकाळी कामावर आले की आधी आदल्या दिवशीच्या भिंतीला पालथा हात लावत. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. मी एकदा हसलो तर म्हणाले, "हसतो काय लेका? नवी भिंत तान्ही असती. एकवीस दिस तिला पाणी पाजावं लागतं. मग ती शंभर वर्सं तुला सांभाळती."

बेंबळीजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीत ते तिसऱ्या घरात राहत. दुष्काळाच्या वर्षी सगळी वस्ती खडी फोडायला गेली. आबांना मात्र त्यांच्या हातचं काम मिळालं. सोसायटीच्या चेअरमननं बंगला काढला होता. सोलापूरला पाहिलेल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यासारखाच हवा होता त्याला. उंच छत, झडपांच्या खिडक्या आणि पुढं पाच कमानींचा व्हरांडा. आबांनी फक्कीनं जमिनीवर रेघा मारल्या आणि चेअरमनला त्यांतून फिरवलं. "हितं आत तुमी बसणार, मालक. आन् हितं व्हरांड्यात आमी उभं ऱ्हाणार, अर्ज घिऊन. साहेबानं व्हरांडा काढला त्यो याच्यासाठीच."

चेअरमनसुद्धा हसला.

असं टोचून बोलत, पण त्या कमानींवर आबांचा जीव होता. विशेषतः मधल्या, सगळ्यांत रुंद कमानीवर. "अशी कमान या हातानं एकदाच हुईल," म्हणत.

कमानीच्या चुन्याला पाणी हवं होतं आणि गावात पाणी नव्हतं. वस्तीसाठी निघालेला सरकारी टँकर रोज बंगल्याच्या हौदात रिकामा होई. आमच्या बाया कोरड्या घागरी घेऊन परत फिरत. आम्ही पोरांनी तहसीलवर निवेदन दिलं, घोषणा दिल्या. आणि काय आश्चर्य, चेअरमन मुंबईला गेला त्याच आठवड्यात टँकर वस्तीवर आला. ओळीनं आठ दिवस आला. मी पत्रक काढलं, ‘निवेदनाचा विजय’. चेअरमन परतला आणि टँकर पुन्हा बंगल्याकडं वळला. त्याचंही पत्रक काढलं.

मग वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला. आबा म्हणाले, "मालक, मधल्या कमानीखालचा आधार अजून म्हैनाभर ठिवा. चुना कच्चा हाय."

"तुझ्या चुन्याला इचारून मुहूर्त काढू का, सटव्या?"

आधाराची लाकडं निघाली. दुपारपर्यंत कमान खाली आली. कुणाला लागलं नाही.

मला उकळ्या फुटल्या. तासाभरात पत्रक तयार: ‘पाप्याच्या बंगल्याची कमान कोसळली! हलक्या हाताचं काम, हलक्या मनाचा मालक!’ आबांना वाचता येत नव्हतं. विहाराच्या पायरीवर त्यांनी ते मलाच वाचायला लावलं.

"हाताचं काय लिवलंस, तेवढं परत वाच."

मी परत वाचलं, मोठ्यानं.

"झ्याक लिवलंस," म्हणाले आणि धोतर झटकून निघून गेले.

चेअरमनचं काही वाकडं झालं नाही. कमानीच्या जागी सिमेंटची तुळई आली. आबांना मात्र पुन्हा कुणी कामाला बोलावलं नाही. विहाराची भिंत बांधायची निघाली, तेव्हा आमच्याच वस्तीतल्या बाया म्हणाल्या, "आबा नगं बाई, पडंल."

पुढं कधीतरी टँकरचा ड्रायव्हर मला गाठून म्हणाला, "तुमच्या निवेदनानं काय टँकर वळतोय व्हय? आबानं वळवला. म्हणला, मालक न्हाईत तवर वस्तीवर घे, कमानीचं म्या बघतो. पर कुठं बोलू नका, माझी नोकरी जाईल."

मी धावत आबांकडं गेलो. ते घरासमोर बसून थापी पुसत होते, कामच नव्हतं तरी.

"आबा, खुलासा काढतो. आजच."

"नगं. ड्रायव्हरची भाकर जाईल."

"मग तुमच्या नावाचं काय?"

त्यांनी थापी मांडीवर ठेवली. "आठ दिस तान्ही उपाशी ठिवली म्या. पडणारच व्हती. हात हलका न्हवता, एवढं कळलं न्हवं तुला?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "त्या आठ दिसांत तू पाणी प्यालास का न्हाय?"

"प्यालो, आबा."

"मग बास."

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. सरणाजवळही कुणीतरी म्हणालंच, "कमान पडली तेच का हे?" मी गप्प राहिलो.

तो ड्रायव्हर गेल्या महिन्यात वारला. आता कुणाची नोकरी जायची नाही. आबांचा हात हलका आहे हे लिहायला मला एक तास पुरला होता. तो हलका नव्हता हे लिहायला दहा वर्षं लागली, आणि तेही दुसऱ्या एका माणसाच्या मरणाची वाट बघून.