तिसरा पास

त्या प्रदर्शनाचं नाव निघालं की मला अजून च्युइंगगमचा वास येतो.

दोह्याच्या संग्रहालयात जुन्या फ्रेंच चित्रकारांची, उन्हाची आणि पाण्याची चित्रं आली होती. दोह्याला येण्याआधी नाशिकला मी बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. ही चित्रं मी फक्त पुस्तकांत पाहिलेली. अल सद्द भागात राहणाऱ्या मैत्रिणीकडे तीन पास होते, पण तिच्या नवऱ्याला ऐन वेळी वेस्ट बेच्या ऑफिसात मीटिंग निघाली, म्हणून आम्ही दोघीच तिच्या गाडीतून निघालो.

तिचा ड्रायव्हर लातूरकडचा, पन्नाशीचा. गावाकडे तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पार्किंगमध्ये त्याने मला हळूच विचारलं, "ताई, मलाबी बघायला मिळंल का?"

मी काही बोलायच्या आत मैत्रीण म्हणाली, "पास दोनच आहेत. तू गाडीत थांब." ती त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होती.

तिसरा पास तिच्या पर्समध्ये होता, हे मला माहीत होतं. तरी मी तिच्यामागून दाराकडे चालू लागले.

आत तळ्याचं एक मोठं चित्र होतं. मी पाहायला उभी राहिले, तोच तिने माझ्या हातात मोबाइल दिला आणि चित्राकडे पाठ करून ओठांचा चंबू करून उभी राहिली. "पूर्ण फ्रेम घे गं, साडीचा पदर दिसू दे." मी फोटो काढत राहिले. रखवालदाराने तिला दोनदा नम्रपणे मागे सरकायला सांगितलं. ती त्याच्यावरच डाफरली. मग बाकावर बसून तिने तोंडातलं च्युइंगगम काढलं, पर्समधला तिसरा पास काढून त्यात गुंडाळलं आणि तो बोळा तिथेच ठेवला.

"अगं, तो पास आहे," मी म्हणाले.

"असू दे. ड्रायव्हरला काय कळणार आहे यातलं?" ती उठली आणि पुढच्या दालनात गेली.

मी बोळा उचलला आणि टिश्यूने तो चिकट, ओलसर गोळा खरवडून काढला. पास फाटला नव्हता. मी दारापर्यंत जाऊन ड्रायव्हरला फोन केला.

तो आत आला आणि त्या तळ्यासमोर गेला. आधी हात पाठीमागे बांधून अगदी जवळून पाहिलं. मग न वळता सात-आठ पावलं मागे आला.

"जवळनं नुसते फटकारे हायेत," तो म्हणाला. "हितनं पाणी हलतंय."

मी वर्गात हेच समजावताना अर्धा तास घ्यायचे.

इतक्यात मैत्रीण परत आली. त्याला पाहून मला इंग्रजीत म्हणाली, "याला कशाला आणलंस?" त्याला तेवढं इंग्रजी समजत होतं. तो लगेच बाहेर गेला.

परतताना गाडीत ती नवऱ्याला फोनवर हसत सांगत होती, "आपल्याकडे आता आर्टिस्ट ड्रायव्हर आहे." आणि माझ्याकडे बघून तिने डोळा मिचकावला. मीही थोडी हसले. आरशात त्याचे डोळे दिसले, ते रस्त्यावरच होते. बिन महमूदला उतरून घरी गेले आणि हात धुतले. च्युइंगगमपेक्षा माझ्या त्या हसण्याची किळस जास्त येत होती.

दोन दिवसांनी तिने मी काढलेला तिचा फोटो सोशल मीडियावर टाकला. खाली लिहिलं होतं, कलेत रमलेली एक दुपार. मी तिला फोन करून पासबद्दल, त्याच्याबद्दल, माझ्याबद्दल सगळं बोलले. ती म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीवरून?" आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं नाही.