दोनशे चौदा म्हणे

आमच्या शेजारच्या मुद्रितशोधकाला अख्खी गल्ली काकपद म्हणते. वाक्यात एखादा शब्द राहून गेला की प्रुफावर कावळ्याच्या पायासारखी जी खूण करतात, तिचं ते नाव. हे टोपणनाव मी ठेवलं आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. हा गृहस्थ बोलतानासुद्धा दुसऱ्याच्या वाक्यात पाय घालतो. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ खडूनं सुधारतो. लग्नाचं आमंत्रण दिलं, तर तांबड्या शाईनं रंगवून परत देतो.

त्याची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांचीच ताई, शाळेतून निवृत्त झाली आणि भलत्याच नादी लागली. आठशे वर्षांपूर्वी कुठल्याशा मठात एक पंडित होऊन गेला. आत्मा म्हणजे काय इथपासून समुद्र खारट का इथपर्यंत त्यानं सगळ्यावर लिहून ठेवलंय, तेही आता कुणी बोलत नाही अशा भाषेत. ताई शब्दकोश घेऊन ती भाषा शिकली आणि अकरा वर्षं खपून तिनं ते सगळं आपल्या भाषेत आणलं.

"ताई, ह्या वयात लोक गुडघे सांभाळतात," मी चिडवायचो.

"त्यानं गुडघ्यांवरही लिहिलंय. वाचून दाखवू?" ती म्हणायची. मी पळ काढायचो.

ह्या पंडिताची एक खोड होती. स्वतः पाहिलेलं असेल तर तो 'मी पाहिलं' असं लिही, आणि नुसतं ऐकलेलं असेल तर तसं कबूल करी. त्या कबुलीसाठी ताईनं एकच शब्द धरला: म्हणे. 'पालीसारखा एक प्राणी आगीत सुखानं राहतो, म्हणे.' 'बेडूक चिखलातून आपोआप जन्मतात, म्हणे. मी मडक्यात चिखल भरून महिनाभर ठेवला. चिखलच राहिला.' हा माणूस मला फार आवडला. मीही गेली तीस वर्षं 'म्हणे'वरच जगतोय. फक्त मडकं भरायचे कष्ट कधी घेतले नाहीत.

ताई गेल्या वर्षी गेली. काकपद ज्या छापखान्यात आहे तिथंच पुस्तक छापायचं ठरलं आणि मालकांनी संपादक म्हणून एक प्राध्यापक नेमले. प्रुफं तपासायला काकपदनं घरी आणली त्या दिवशी त्याचा आवाज भिंतीतून नाही, भिंतीसकट माझ्या घरात आला.

"अगं, एकही ठेवला नाही! दोनशे चौदा होते, मी मोजलेत!"

"अहो हळू," वहिनी म्हणाल्या. "शेजारी कान टवकारून बसलेत."

"वहिनी, बसलेला नाही, उभा आहे," मी अलीकडून ओरडलो आणि सरळ त्यांच्याकडे गेलो.

पाहतो तर काय! 'पालीसारखा एक प्राणी आगीत सुखानं राहतो.' पूर्णविराम. 'बेडूक चिखलातून आपोआप जन्मतात.' पूर्णविराम. आणि मडकं? ते वाक्य आता आधीच्या वाक्याशी जुळेना, म्हणून प्राध्यापकांनी 'विसंगत' असा शेरा मारून उडवलेलं. ज्या माणसानं महिनाभर चिखल राखला, त्याला एका फटक्यात थापाड्या करून टाकला होता, आणि त्याच्याबरोबर ताईलाही. सहसा मी दुसऱ्याच्या रागाची मजा बघतो. त्या दिवशी माझंच डोकं फिरलं.

काकपदनं दोनशे चौदा काकपदं घालून प्रत्येक 'म्हणे' परत बसवला. मडकंही बसवलं. दुसरी प्रुफं आली ती पुन्हा साफ. कडेला शेरा: 'बोलीतील शब्द. ग्रंथास अशोभनीय.' मग तो मला साक्षीला घेऊन प्राध्यापकांच्या खोलीवर धडकला.

"सर, आगीत प्राणी राहतो?"

"पंडित तसं म्हणतात."

"पंडित तसं म्हणत नाहीत. लोक तसं म्हणतात, असं पंडित म्हणतात."

"तेच ते."

"तेच ते? उद्या कुणी तुम्हाला चोर म्हणालं आणि मी 'सर चोर आहेत' असं छापलं, तर तेही तेच ते?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "बहिणीची माया मी समजू शकतो. पण तुमचं काम शुद्धलेखनाचं. 'म्हणे' हा गप्पांच्या अड्ड्यावरचा शब्द आहे."

"अड्ड्यावरचे निदान कबूल तरी करतात, सर, की आपण पाहिलेलं नाही," मी म्हणालो.

"हे कोण?"

"शेजारी. सर, मूळ पान काढा. तिथं काय लिहिलंय ते वाचून दाखवा," काकपद म्हणाला.

"मूळ भाषा मला येत नाही. म्हणून तर अनुवाद आहे ना!"

काकपदचे कान प्रुफावरच्या शाईइतके लाल झाले.

शेवटच्या प्रुफावर 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून मुद्रितशोधकानं सही केल्याशिवाय त्या छापखान्यात यंत्र सुरू होत नाही. मालकांनी बजावलं, "तू कर, नाहीतर दुसरा करील." काकपदनं ती प्रुफं घरी आणली. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत ताईचं नाव होतं. त्यानं तांबडं पेन उचललं, ते नाव आडव्या रेघेनं खोडलं, कडेला काढून टाकायची खूण केली आणि खाली सही ठोकली.

"अकरा वर्षं!" वहिनी ओरडल्या. "लिहून लिहून बोटं वाकडी झाली त्यांची. एक नाव तेवढं राहणार होतं, तेही खोडलंत? आता तो प्राध्यापक सांगत सुटेल, मीच केलं म्हणून!"

"सुटू दे! आगीतला प्राणी त्याच्या नावावर जाऊ दे. माझी बहीण जन्मात खोटं बोलली नाही. आता मेल्यावर तिला बोलायला लावू?"

"तुमचा राग मोठा आणि त्यांचं नाव लहान!"

मी मध्ये पडलो नाही. कोण बरोबर ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पुस्तक निघालं. वर नाव एकट्या प्राध्यापकांचं. वहिनींनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट समोर आदळायचं आणि आत जायचं. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी छापखान्याचा माणूस दारात आला. सरांना ताईंचं मूळ हस्तलिखित आपल्या ताब्यात हवंय, असा निरोप होता. काकपद आतल्या खोलीत तोच गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. तो उठायच्या आत वहिनी दारात पोचल्या.

"कुणाचं हस्तलिखित? पुस्तकावर नाव तर सरांचं आहे. म्हणजे लिहिलंही सरांनीच असणार. त्यांच्याच घरी शोधा म्हणावं!"

आणि त्यांनी त्या माणसाच्या तोंडावर दार असं आपटलं की माझ्या घरातली कपबशी हलली.